पानात ठेवलेले बोट

मी १९८१ साली बँकेच्या सेवेत लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या शाखेत एक ज्येष्ठ लेजरकीपर होते. त्यांच्या टेबलावर एका वेळी दोन-तीन जाडजूड लेजरे उघडी असत. काउंटरवर धनादेश आला, की ज्या पानावर काम चालले असेल त्या पानात ते डाव्या हाताचे बोट ठेवीत, उजव्या हाताने दुसरे लेजर उलगडून शिल्लक पाहत आणि पुढच्याच क्षणी मूळ पानावर परत येत. पान पुन्हा शोधावे लागत नसे, कारण बोट तेथेच असे. आम्हा नवख्यांना मात्र प्रत्येक वेळी पान नव्याने शोधावे लागे, आणि त्या शोधाशोधीत मघाशी वाचलेला आकडा मनातून निसटून जाई. संध्याकाळी ताळा जुळला नाही, की चूक बहुधा अशाच एखाद्या निसटलेल्या आकड्यात सापडे.

पुढे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, नंतर संगणक आले आणि शेवटी सर्व शाखा एका सूत्रात जोडणारी कोअर बँकिंग प्रणाली आली. लेजरे गेली आणि त्यांच्याबरोबर ते पानात ठेवलेले बोटही गेले, असे मी निवृत्त होईपर्यंत समजत होतो. तो माझा गैरसमज होता, हे मला आमच्या घरच्या पेढीवर कळले. संगणकातही ते बोट आहे. फक्त ते कोणी आपल्याला दाखवून देत नाही.

दरयादीचा प्रसंग

सांगली जिल्ह्यात आमच्या कुटुंबाची गूळ, हळद व भुसार मालाची पेढी आहे. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात व बाजारात सारेच आण्णा म्हणतात, त्यांनी तेथे पन्नास वर्षे रोजमेळ लिहिला. आज त्यांचे वय ७६ आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पुतण्याने सारा हिशेब संगणकावर घेतला. तेव्हापासून एकाच पडद्यावर चार-पाच खिडक्या उघड्या असतात. एकीत टॅली, दुसरीत एक्सेलमधील दरयादी, तिसरीत बँकेचे खाते व जीएसटीचे संकेतस्थळ, चौथीत ग्राहकांचे व्हॉट्सॲप निरोप. व्यापारी कुटुंबातील वाचकांना हे चित्र परिचयाचे असेल.

आण्णा हे सर्व शिकले. परंतु गेली काही वर्षे त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. माउस धरला, की पडद्यावरील बाण थरथरू लागतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, दुकानात गर्दी असताना, ते एक्सेलमध्ये २२ जिनसांची नवी दरयादी भरीत होते. मध्येच एका ग्राहकाची मागील बाकी पाहण्यासाठी त्यांनी ती खिडकी खाली सारण्याचे ठरवले. बाण वरच्या कोपऱ्यात नेला, आणि तो शेजारच्या बंद करण्याच्या फुलीवर पडला. केलेले काम जतन करावयाचे का, असे संगणकाने विचारले. घाईत त्याचेही उत्तर चुकले. अर्ध्या तासाचे काम गेले. पुतण्या सौम्यपणेच म्हणाला, "आण्णा, राहू द्या, मी बघतो."

शब्द आदराचेच होते. तरी दुसऱ्या दिवसापासून आण्णा संगणकासमोर बसले नाहीत. गादीच्या कडेला वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. कोणता व्यापारी सणाआधी पैसे देतो आणि कोण सुगीनंतर, कोणाच्या शब्दावर किती माल सोडावा, हे सारे ज्यांच्या स्मरणात आहे, ती व्यक्ती पेढीवर असून नसल्यासारखी झाली. मला ते पाहवेना. मी निवृत्त होतो, वेळ होता. रोज सकाळी दुकान उघडल्यावर तासभर आण्णांच्या शेजारी बसायचे मी ठरवले.

अडचण हाताची की माउसची?

पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर अवलंबून असतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. आता पडद्यावरील ती फुली आठवा. ती सर्वांत दूरच्या कोपऱ्यात असते, नखाएवढी असते आणि शेजारच्या दोन चिन्हांना चिकटून असते. स्थिर हातालाही तेथे जपून जावे लागते, मग कंप असलेल्या हाताची काय कथा?

कळफलकाची, म्हणजे कीबोर्डची, गोष्ट वेगळी आहे. कळ आपली जागा सोडत नाही. तिला पाहावे लागत नाही, बोटाला ती ठाऊक असते. ज्यांनी टंकलेखन शिकले त्यांना हे सांगावयास नको.

येथे एक ऐतिहासिक तपशील मनोरंजक वाटेल. माउसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या संगणकप्रणालीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यांच्या उजव्या हातात माउस होता, आणि डाव्या हाताखाली पाच कळांचे एक छोटे साधन होते. आज्ञा देण्यासाठी ते त्या कळांचा उपयोग करीत. म्हणजे ज्यांनी माउस घडवला त्यांनीही सारा भार माउसवर टाकला नव्हता. कळा मागे पडल्या त्या आपल्या सवयीने.

परतीची कळ

पहिल्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट घेतली. ऑल्ट ही कळ दाबून धरावी आणि टॅब ही कळ एकदा दाबून दोन्ही सोडाव्यात. समोर टॅली असेल आणि त्याआधी बँकेचे खाते पाहिले असेल, तर बँकेचे खाते समोर येते. पुन्हा तेच केले, की टॅली परत. दोन लेजरांमध्ये ये-जा करणारे ते बोट म्हणजे हीच जोडी. आण्णांनी तिला आपल्या वहीत नाव दिले, 'परतीची कळ'.

यामागील युक्ती समजून घेतली, की गोंधळ होत नाही. ऑल्ट-टॅब खिडक्यांचा क्रम त्यांच्या जागेवरून लावीत नाही. सर्वांत शेवटी जी वापरली ती सर्वांत जवळ, असा तो क्रम असतो. टेबलावर नुकतेच ठेवलेले लेजर वर असते, तसेच. म्हणून एकदा टॅब दाबले की मागील काम, ऑल्ट न सोडता दोनदा दाबले की त्याच्या मागचे. पुढे निघून गेलो तर शिफ्टही दाबावी, म्हणजे क्रम उलटा फिरतो. विचारच बदलला तर एस्केप दाबावे, आपण होतो तेथेच राहतो.

कंप असलेल्या हाताला मात्र कळ दाबून धरणे अवघड जाते. आण्णांची खिडकी पुनःपुन्हा भलतीकडे जाऊ लागली. त्यावरही उपाय सापडला. कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब या तिन्ही कळा एकत्र दाबून सोडल्या, तर उघड्या खिडक्यांचे चित्रफलक पडद्यावर स्थिर राहतात. मग बाणाच्या कळांनी हवी ती खिडकी शांतपणे निवडावी आणि एंटर दाबावे. काहीही दाबून धरावे लागत नाही, घाई नाही.

तीन कळा एकदम दाबणेही जमत नसेल, तर विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबली, की ती सुरू करावयाची का, असे संगणक विचारतो. ती सुरू असताना कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात. बोट थरथरून एकच कळ दोनदा दाबली जात असेल, तर 'फिल्टर कीज' ही सोय असे चुकून झालेले दाब मोजत नाही. दोन्ही सोयी सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात आहेत आणि त्यांना एक पैसाही पडत नाही. घरात वडीलधारी माणसे संगणकापासून दूर झाली असतील, तर या दोन सोयी आधी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

ठरलेली जागा

दुसऱ्या आठवड्यात आम्ही विंडोज कळेकडे वळलो. खिडकीचे चिन्ह असलेली ही कळ १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या कळफलकावर आली. तिच्यासोबत अंक दाबला, की पडद्याच्या तळपट्टीवर त्या क्रमांकावर असलेला कार्यक्रम उघडतो, आणि आधीच उघडा असेल तर समोर येतो. ही सोय २००९ सालच्या विंडोज ७ पासून या रूपात आहे.

आम्ही तळपट्टीवर चार चिन्हे क्रमाने कायमची बसवली. १ म्हणजे टॅली, २ म्हणजे एक्सेल, ३ म्हणजे ब्राउझर, ४ म्हणजे व्हॉट्सॲप. पेढीवर रोजमेळ, खतावणी, नावे-जमेच्या वह्या यांच्या जागा ठरलेल्या असत आणि अंधारातही हात बरोबर वहीवर जाई, तसेच हे झाले. ऑल्ट-टॅबला आपण शेवटी काय पाहिले ते आठवावे लागते. विंडोज आणि अंक यांना काहीच आठवावे लागत नाही. दोन कामांमध्ये ये-जा असेल तर पहिली रीत सोयीची, आणि चार-पाच कामे पसरली असतील तर दुसरी. एक्सेलच्या दोन फाइली उघड्या असतील, तर विंडोज न सोडता २ पुन्हा दाबावा, पुढची फाइल येते.

कधी कधी ये-जा टाळणेच उत्तम. विंडोज आणि डावा बाण दाबला की समोरची खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसते, उजवा बाण दाबला की उजव्या. बँकेचा उतारा एका बाजूस आणि खाते दुसऱ्या बाजूस ठेवून ताळमेळ घेताना मान तेवढी वळवावी लागते.

नाव घ्या, वही हजर

जुन्या शाखेत दप्तरखान्यातून जुने लेजर हवे असेल, तर आपण जागेवरून उठत नसू. शिपायाला नाव व वर्ष सांगावे, तो घेऊन येई. संगणकावर हे काम करणाऱ्या साधनांना लाँचर म्हणतात. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकावीत, एंटर दाबावे, हवी ती वस्तू समोर.

सर्वांत साधा लाँचर प्रत्येक विंडोज संगणकात आहेच. विंडोज कळ एकदा दाबून सोडावी आणि सरळ टंकू लागावे. गणकयंत्र, प्रिंटरची सेटिंग, मागील महिन्याची फाइल, सारे नावाने येते. मॅक संगणकावर ही रीत २००५ सालापासून स्पॉटलाइट या नावाने आहे. तेथे कमांड व स्पेस या कळा दाबाव्या लागतात आणि कार्यक्रम बदलण्यास कमांड-टॅब. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या नातवंडांकडे मॅक असेल, तर त्यांना विचारून पाहावे.

याहून अधिक हवे असल्यास मायक्रोसॉफ्टचाच पॉवरटॉइज हा विनामूल्य संच आहे. त्यातील रन हे साधन २०२० साली आले. ऑल्ट व स्पेस दाबले, की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात कार्यक्रमाचे नाव, फाइलचे नाव किंवा साधा गुणाकारही लिहिता येतो. एक सूचना करतो. ऑल्ट-स्पेस ही जोडी विंडोजमध्ये पूर्वीपासून खिडकीचा छोटा मेनू उघडण्यासाठी आहे. आपणांस तिची सवय असेल, तर पॉवरटॉइजच्या सेटिंगमध्ये दुसरी जोडी निवडावी. असा कोणताही संच त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे अनोळखी साधने बसवू नयेत.

नवे काही न बसवताही एक युक्ती साधते. डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमध्ये जावे. तेथे 'शॉर्टकट की' असा रकाना असतो. त्यात एखादे अक्षर दाबले, की कंट्रोल, ऑल्ट व ते अक्षर ही त्या कार्यक्रमाची कायमची हाक ठरते.

एकाच वहीची अनेक पाने

खिडकी बदलणे साधले, की पुढची पायरी खिडकीच्या आतली. ब्राउझरमध्ये अनेक पाने उघडी असतात, त्यांत पुढे जाण्यास कंट्रोल-टॅब. चुकून बंद झालेले पान कंट्रोल, शिफ्ट व टी या कळांनी परत येते. एक्सेलमध्ये एका पत्रकावरून दुसऱ्यावर जाण्यास कंट्रोलसह पेज-अप किंवा पेज-डाउन.

टॅलीचे तर मूळच कळफलकात आहे. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ साली बंगळूरमध्ये तिचा आरंभ केला, तेव्हा सामान्य कार्यालयात माउस क्वचितच दिसे. पेमेंटला एफ ५, रिसीटला एफ ६, जर्नलला एफ ७, विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९, हा क्रम आजतागायत टिकून आहे. २०२० साली आलेल्या टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-जी ही एक मोलाची जोडी मिळाली. बिल अर्धे झालेले असताना ऑल्ट-जी दाबून ग्राहकाचे खाते पाहावे, एस्केपने मागे यावे, अर्धे बिल होते तसेच समोर असते. पानात ठेवलेले बोट ते हेच.

वेगाची किंमत

येथे माझी एक चूक सांगणे कर्तव्य समजतो. अधिकारी असताना मी दोन खातेदारांच्या खिडक्या एकाच वेळी उघड्या ठेवल्या होत्या. दूरध्वनी आला. बोलून झाल्यावर सवयीने ऑल्ट-टॅब दाबले, आकडा टंकला, एंटर दाबले. बोलता बोलता मी एकदा खिडकी आधीच बदलली होती, हे ध्यानात राहिले नव्हते. रक्कम भलत्या खात्यात गेली. संध्याकाळच्या तपासणीत ती सापडली, दुरुस्त झाली, पण त्या रात्री घरी पोहोचण्यास नऊ वाजले आणि दोन सहकाऱ्यांनाही माझ्यामुळे थांबावे लागले.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. खिडकी बदलली, की आधी वरचे शीर्षक आणि खात्याचे नाव वाचावे, मगच आकडा टाकावा. बोट डोळ्यांच्या पुढे धावू देऊ नये. खिडकी क्षणात बदलते, मनाला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ मनाला द्यावा.

दुसरा नियम जागेवरून उठताना पाळावयाचा. गल्ला उघडा टाकून कोणी उठत नाही, मग बँकेचे खाते उघडे टाकून का उठावे? विंडोज व एल दाबले, की संगणकाला कुलूप लागते. सुरू असलेले काम आत तसेच राहते.

चहा निवायच्या आत

गेल्या वर्षीची गोष्ट. आमचे एक जुने ग्राहक दुपारी रागावून पेढीवर आले. त्यांच्या वडिलांपासून आमच्याशी व्यवहार. थकबाकीचे स्मरणपत्र पुतण्याने व्हॉट्सॲपवर सर्वांना धाडले होते, त्यात त्यांनाही गेले. ते म्हणाले, "पैसे भरूनही तगादा लावता?" आणि मोबाइलवरील ४८,५०० रुपयांचा बँकेचा संदेश पुढे केला. पुतण्याने खाते उघडले. जमा दिसेना. दुकानात आणखी चार माणसे होती. पुतण्या कावराबावरा झाला.

आण्णांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. "चहा सांग त्यांना," एवढे म्हणून ते संगणकासमोर बसले. विंडोज आणि ३, बँकेचा उतारा. तारीख व रक्कम पाहिली. विंडोज आणि १, टॅली. त्या दिवसाचा रोजमेळ उघडला. मग परतीची कळ, पुन्हा उतारा, पुन्हा रोजमेळ, एकेका नोंदीवर दोन्हीकडे नजर. माउसला त्यांनी हात लावला नाही. रक्कम त्याच दिवशी जमा होती, पण त्याच आडनावाच्या आणि आद्याक्षराच्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यावर. दोघांना ओळखणाऱ्या माणसालाच तो संशय येऊ शकत होता. आण्णांनी नोंद उघडली, नाव वाचले, बदलले, पुन्हा एकदा वाचले आणि कंट्रोल-ए दाबून स्वीकारली.

ग्राहकांचा चहा अजून संपावयाचा होता. आण्णांनी हात जोडले, "चूक आमची होती," म्हणाले. राग निवळला. जाताना त्यांनी पाडव्यासाठी गुळाची मागणी नोंदवली.

संध्याकाळी दुकान आवरताना पुतण्या म्हणाला, "आण्णा, उद्यापासून बँकेचा ताळमेळ तुम्हीच बघा." आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली वही काढली आणि त्यात आणखी एक कळ लिहून घेतली, जी मी त्यांना त्याच सकाळी सांगितली होती.

आता सकाळी मी पेढीवर जातो तेव्हा आण्णांचा डावा हात कळफलकावर असतो. उजवा हात मांडीवर स्वस्थ असतो, त्याला कंप आहेच. पण तो आता कोणाच्या लक्षात येत नाही.